पाणमांजर मांजर नव्हे, चांदी अस्वल अस्वल नव्हे: स्कंकची भावकी हाडांत कशी सापडते

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला की मी त्याला शेतातल्या आखाड्यावर घेऊन जातो. यंदा त्यानं वाटेतच विचारलं, "मामा, स्कंक म्हणजे आपलं मुंगूसच असतं ना?" मोबाइलवर कुठलंसं कार्टून पाहिलं होतं त्यानं. काळं अंग, पाठीवर पांढरे पट्टे, शेपूट वर केली की समोरचे सगळे नाक दाबून पळतात. आमचा सालगडी बैलांना कडबा टाकत होता. त्यानं ऐकून घेतलं आणि निकाल देऊन टाकला, "मुंगूस कामून आसंल? वास सोडते म्हन्ता ना, मंग चिचुंद्रीच हाय ती. तिकडं मोठी होत आसंल."

एकानं अंगकाठी पाहिली, दुसऱ्यानं वास धरला. दोघंही चुकले. पण ही चूक मोठ्या पंगतीतली आहे. प्राण्यांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत बसवणाऱ्या लिनियसनं १७५८ साली अमेरिकेतल्या ठिपकेवाल्या स्कंकला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा त्याला 'व्हिवेरा' या गटात बसवलं. व्हिवेरा म्हणजे जवादी मांजरांचं घर, आणि लिनियसनं त्याच घरात मुंगूसही ठेवलं होतं. पुढं १७७६ मध्ये श्रेबर या जर्मन अभ्यासकानं पट्टेवाल्या स्कंकचं नाव ठेवलं, चांदी अस्वलाचंही ठेवलं, आणि दोघांनाही त्याच व्हिवेरात ढकललं. म्हणजे माझ्या भाच्याचं उत्तर अडीचशे वर्षांपूर्वी दिलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते.

आपल्या भाषेतली नावंही अशीच, दिसेल तशी ठेवलेली आहेत. मांजरंच मोजून पाहा. घरातलं मांजर सोडलं तर उदमांजर आहे, जवादी मांजर आहे, पाणमांजर आहे, खवले मांजर आहे. मांस खाणाऱ्या प्राण्यांच्या गणात दोन मोठे वाडे आहेत, एक मांजराचा आणि एक कुत्र्याचा. उदमांजर आणि जवादी मांजर निदान मांजराच्या वाड्यात तरी राहतात. पाणमांजर मात्र कुत्र्याच्या वाड्यातलं. खवले मांजर या दोन्ही वाड्यांच्या बाहेरचं, तोंडात एक दात नाही त्याच्या. आणि चांदी अस्वल? पाठीवर राखाडी-पांढरी झूल, खाली काळं अंग, माती उकरणारी लांब नखं. अस्वलासारखं डुलत चालतं म्हणून अस्वल म्हटलं, एवढंच.

भारतात स्कंक नाही. पण त्याचे त्यातल्या त्यात जवळचे पाहुणे आपल्याकडं शोधायचे तर त्यात हे दोघं येतात, पाणमांजर आणि चांदी अस्वल. तिसरा सिक्कीम-अरुणाचलात झाडावर झोपलेला रेड पांडा. एक पाण्यात मासे धरतो, एक बिळं उकरतो, एक बांबूची पानं खातो. यांची आणि स्कंकची भावकी एक आहे हे कुणी, कशावरून ठरवलं, ती गोष्ट हाडांची आहे. वास मेल्यावर उडून जातो, कातडं कुजतं, रंग उरत नाही. हाडं आणि दात उरतात.

हाड तेच, काम वेगळं

रविवारी ताटात कोंबडीच्या पंखाचा तुकडा आला तर खाण्याआधी बघा. खांद्याकडून एक हाड, पुढं दोन हाडं, मग बारीक हाडांचा गुंता. आता आपला हात चाचपा. दंडात एक, कोपराखाली दोन, मग मनगट. पिअर बेलों नावाच्या फ्रेंच माणसानं १५५५ साली पक्ष्याचा आणि माणसाचा सांगाडा शेजारी-शेजारी छापून हाडाला हाड जुळवून दाखवलं होतं. उत्क्रांती हा शब्दही तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. १८४३ मध्ये रिचर्ड ओवेन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानं या जुळणीला व्याख्या दिली. तिचा मथितार्थ असा: प्राणी वेगळा, आकार वेगळा, काम वेगळं, तरी अवयव तोच. हे असं का, याचं डार्विननं १८५९ साली दिलेलं उत्तर, म्हणजे सगळ्यांचा पूर्वज एक होता म्हणून, हे मात्र ओवेनला शेवटपर्यंत रुचलं नाही.

तुलना करायची तर आधी कोणतं हाड कुणाच्या जोडीचं हे ओळखता आलं पाहिजे. इथं भलेभले चुकतात. बैलाच्या मागच्या पायात मध्येच उलटा वाकलेला सांधा दिसतो. तो त्याचा गुडघा वाटतो. ती टाच आहे! खरा गुडघा वर, पोटाला लागून. बैल बोटांच्या टोकावर, म्हणजे नखांवर चालतो. खूर म्हणजे नखच. कुत्रं आणि मांजर बोटांवर चालतात. अस्वल, माणूस आणि स्कंक तळवा टेकवून चालतात.

भाचा लगेच म्हणाला, "मग स्कंक अस्वलाचा भाऊ." घाई केली की असं होतं. तळवा टेकण्यावरूनच भावकी ठरवायची तर आपणही त्याच भावकीत निघू.

राबणारं हाड फसवतं

रानात धोंडा उचकटताना पहारीखाली टेकण ठेवतो. टेकणापासून आपल्या हातापर्यंतचा दांडा जितका लांब, तितका धोंड्याला जोर जास्त लागतो. कोपराचं तसंच आहे. कोपराच्या मागं जे टोक हाताला लागतं, त्याला दंडाच्या मागचा स्नायू धरलेला असतो. हे टोक लांब असेल तर पंजाला जोर मिळतो, वेग कमी होतो. टोक आखूड असेल तर उलट: वेग जास्त, जोर कमी.

म्हणून जो प्राणी माती उकरून पोट भरतो, त्याच्या कोपराचं टोक लांब असतं. दंडाचं हाड आखूड आणि दणकट, त्यावर स्नायू धरायला ठळक कंगोरे, पुढच्या पंजाची नखं लांब. पट्टेवाल्या स्कंकात हे दिसतं, कारण तो जमिनीतल्या हुमण्या, किडे, अळ्या उकरून खातो. चांदी अस्वलात दिसतं. बॅजर या युरोपातल्या बिळं उकरणाऱ्या प्राण्यात दिसतं. आणि ऑस्ट्रेलियातल्या वॉम्बॅटमध्येही दिसतं, जो कांगारूच्या गोतातला, पोटाला पिशवी असलेला! त्याचा स्कंकशी संबंध जोडायचा तर डायनोसॉरच्या काळापर्यंत मागं जावं लागतं.

मोंढ्यात पोती वाहणाऱ्या दहा हमालांचे खांदे सारखेच भरलेले असतात. म्हणून ते दहा सख्खे भाऊ ठरत नाहीत. (हमालाचा खांदा त्याच्या पोराला जन्मतः मिळत नाही, प्राण्यांत मात्र अशा गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या निवड होऊन रुजतात. एवढा फरक ध्यानात ठेवून हा दाखला घ्या.) सारखं काम पडलं की हाडं सारखी होतात, घराणं कुठलंही असो.

याचा सगळ्यात मजेदार नमुना म्हणजे दोन पांडा. चीनमधला मोठा काळा-पांढरा पांडा आणि आपल्या हिमालयातला लाल पांडा, दोघंही बांबू खातात, दोघांच्याही मनगटातलं एक बारीक हाड वाढून अंगठ्यासारखं झालंय. नावही एकच. पण मोठा पांडा अस्वल आहे. ड्वाइट डेव्हिसनं १९६४ मध्ये त्याच्या शरीराचा कण न् कण तपासून ते मांडलं. लाल पांडा अस्वल नाही, तो स्कंक-पाणमांजराच्या गोतातला.

स्कंकांच्या स्वतःच्या घरातही कामानं फरक पाडलेत. ठिपकेवाला स्कंक हलका, झाडावर चढणारा. शत्रूला दम देताना तो पुढच्या दोन पायांवर उभा राहतो, मागचं धड वर, शेपूट ताठ. डुकरासारख्या नाकाचा स्कंक नाकानं जमीन नांगरत जातो. त्याच्या नाकाडावर केस नसतात आणि पुढची नखं दांडगी असतात. नुसते पाय आणि नखं पाहणारा या दोघांना एका घरात कधीच बसवणार नाही.

कवटी उलटी करा

बियाण्याच्या कोठीवर मी दोन कवट्या ठेवल्यात. एक मांजराची, गंजी हलवताना सापडलेली. दुसरी कुत्र्याची, ओढ्याच्या काठावरची. बायको त्यावरून अजून बोलते. इथं एक गोष्ट आधीच सांगतो: मांजर-कुत्र्यापुरतं ठीक आहे, पण मुंगूस, उदमांजर, तरस, पाणमांजर यांची हाडं रानात दिसली तर तिथंच राहू द्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती बाळगणं गुन्हा आहे, कुतूहल म्हणून ठेवली तरी.

कवटी हातात आली की सगळे आधी सुळे बघतात. भाच्यानंही तेच केलं. मी म्हटलं, उलटी कर. खालच्या बाजूला, जिथं मणका जोडला जातो त्याच्या पुढं दोन्हीकडं हाडाचे दोन फुगे असतात, अर्ध्या सुपारीसारखे. त्यांच्या आत मधल्या कानाची पोकळी असते. पक्कडीनं मांजराचा एक फुगा अलगद फोडला. आत कागदासारखी पातळ हाडाची भिंत निघाली. एका फुग्याच्या दोन खोल्या. कुत्र्याचा फुगा फोडला तर आत एकच खोली, कडेला नुसता थोडा कंगोरा.

विल्यम हेन्री फ्लॉवर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानं १८६९ मध्ये हीच युक्ती वापरली. त्यानं कवटीच्या तळावरून मांसाहारी प्राण्यांची विभागणी केली. तरस त्यानं मांजराच्या बाजूला बसवलं. आमच्या सालगड्याला हे पटलं नाही. "तरस तर कुत्र्यावानी हाय की ओ, चाल बी तशीच." चाल तशीच आहे, खरंय. लांब पल्ल्याचं चालणं हे कामाचं साम्य. पुढं डीएनएनंही फ्लॉवरचाच निकाल कायम केला.

मुंगसाच्या फुग्यात भिंत असते. स्कंकच्या फुग्यात नसते. भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर त्या एका भिंतीत आहे: मुंगूस मांजराच्या वाड्यातलं, स्कंक कुत्र्याच्या वाड्यातला. मुंगसापेक्षा स्कंक आपल्या मोत्याला जवळचा.

पण कोपराच्या हाडावर विश्वास नाही आणि कानाच्या हाडावर आहे, असं का? कान काही बिनकामाचा नाही. वाळवंटातल्या कितीतरी प्राण्यांत हे फुगे मोठे झालेले असतात, म्हणजे फुग्याचा आकार परिस्थितीनं बदलतो. बदलत नाही ती बांधणी: फुगा कोणत्या तुकड्यांचा जोडलाय, भिंत आहे की नाही, रक्तवाहिनी कुठून आत शिरते. माती उकरा, पाण्यात पोहा, झाडावर चढा, त्या भिंतीला त्याचं सोयरसुतक नसतं. माझं मत विचाराल तर हाड जितकं रोजच्या रोजगाराला बांधलेलं, तितकी त्याची नात्याबद्दलची साक्ष कच्ची. शरीरात कोपऱ्यात पडलेलं, कुणाच्या नजरेत न भरणारं हाड विचारावं.

स्कंकांची स्वतःची खूणही कानापाशीच आहे. मधल्या कानाची पोकळी कानामागच्या हाडात घुसून ते आतून पोकळ करते. ठिपकेवाल्या स्कंकात कवटीचा तो भाग बाहेरूनच फुगलेला दिसतो. ही खूण पुढं फार उपयोगी पडणार होती, पण आधी दातांनी सगळ्यांना चकवलं.

दात मोजण्यातली गोम

मांसाहारी प्राण्यांच्या जबड्यात दोन्हीकडं एक अडकित्ता असतो. वरची शेवटची उपदाढ आणि खालची पहिली दाढ एकमेकींवरून घासत जातात आणि मांस कातरतात. कुत्रं हाडूक गालाकडच्या बाजूनं का चावतं, हे आता लक्षात येईल. अडकित्ता तिथं असतो. त्याच्या मागच्या दाढा चुरडण्यासाठी. मांजर निव्वळ मांसावरचं, त्यामुळं मागच्या दाढा जवळपास उरल्याच नाहीत, एकूण दात ३०. कुत्र्याचे ४२. मुंगसाचे ४०. स्कंक किडे, अंडी, उंदीर, फळं सगळं खातो. त्याच्याकडं अडकित्ताही आहे आणि मागं वरच्या बाजूला एकच, पण रुंद, खलबत्त्यासारखी दाढ. एकूण दात ३४.

नुसती बेरीज मात्र फसवी. चांदी अस्वलाचे दात ३२ आणि डुकरनाक्या स्कंकचेही ३२. पट्टेवाल्या स्कंकशी ताडून पाहिलं तर डुकरनाक्याची वरची एकेक उपदाढ गेलेली आहे, आणि चांदी अस्वलाची खालची मागची दाढ. दोघांच्या खात्यात रक्कम सारखी, खर्च वेगळ्या ठिकाणी झालेला.

आता खरी गोम. स्कंकच्या वरच्या जबड्यात दोन्हीकडं एकेकच दाढ. पाणमांजर, चांदी अस्वल, बॅजर, मुंगसासारखा दिसणारा युरोपातला वीझल, सगळ्यांच्या वरच्या जबड्यात एकेकच दाढ. शिवाय या सगळ्यांच्या शेपटीखाली वासाच्या ग्रंथी. अभ्यासकांनी स्कंकला सरळ वीझल-पाणमांजराच्या कुळात टाकलं, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तो तिथंच राहिला.

हे का चुकलं ते समजायला पैठणला जाऊ. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. तीनशे वर्षांत हातानं नकला होता होता पाठभेद शिरले होते. जुन्या पोथ्यांचं नातं कसं लावतात? समजा दहा पोथ्यांत एक ओवी अचूक आहे. त्यावरून कोणती कोणावरून उतरवली हे कळणार नाही. ती मुळात होतीच, सगळीकडं आली. पण त्यातल्या तीन पोथ्यांत एकाच जागी एकच विचित्र चूक असेल तर त्या तिन्ही एकाच पोथीवरून उतरल्या. बरोबर शब्द नातं सांगत नाही. सामाईक चूक सांगते.

व्हिली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञानं १९५० मध्ये प्राण्यांसाठी हाच नियम मांडला. पुरातन काळापासून सगळ्यांकडं चालत आलेलं साम्य नात्याचा पुरावा होत नाही. पाच बोटं सरड्यालाही आहेत, आपल्यालाही. मुळात नव्हता असा एखादा बदल, जो नंतर कुठंतरी घडला आणि ठरावीक प्राण्यांतच उतरला, तोच पुरावा. आज हाडांची तुलना करणारे असे शे-दोनशे बारकावे घेऊन तक्ता मांडतात, प्रत्येक प्राण्यापुढं 'आहे' किंवा 'नाही' लिहितात, आणि ज्या वंशावळीत कमीत कमी फेरफार मानावे लागतील ती वंशावळ आधी तपासतात. पूर्ण वाढलेल्या प्राण्यांच्या कवट्या घ्याव्या लागतात, नर-मादी दोन्ही, एकापेक्षा जास्त. पिल्लाची कवटी मोठ्याशी ताडली की सगळं बिघडतं. ते काम किचकट असतं, त्यात आत्ता शिरत नाही.

मग वरची दाढ जाणं ही सामाईक 'चूक' नव्हती का? इथं पोथी लिहिणाऱ्यांचा अनुभव कामी येतो. सगळ्या चुका सारख्या वजनाच्या नसतात. नवीच ओळ घुसडायला डोकं लागतं. ओळ गाळायला डुलकी पुरते. दोन ओळी सारख्याच शब्दानं संपत असतील तर दोन वेगळ्या गावांतले दोन लेखक, एकमेकांची पोथी न पाहता, तीच ओळ गाळतील. दात जाणं म्हणजे ओळ गाळणं. मागची दाढ आधीच बारीक झालेली असते, ती जायला फार काही लागत नाही. स्कंकांच्या घराण्यात ती गेली, वीझल-पाणमांजरांच्या घराण्यात वेगळी गेली, आणि आपण दोन्ही पोथ्या एकाच मुळाच्या मानल्या.

चुकलेला कागद कसा सापडला

शंका घेणारे आधीही होते. १९७३ मध्ये लेनर्ड रॅडिन्स्की या अभ्यासकानं कवटीच्या आतून साचे काढले. मेंदू कवटीला इतका चिकटून असतो की त्याच्या घड्यांचे ठसे आतल्या हाडावर उमटतात. साचा काढला की मेंदू गेला तरी त्याचा नकाशा हाती येतो. रॅडिन्स्की एका विशिष्ट प्राण्याच्या मागावर होता. जावा, सुमात्रा, बोर्निओ आणि फिलिपाइन्सच्या पालावान बेटावर राहणारा, लांब नाकाचा, आखूड शेपटीचा, उकरणारा, भयंकर वास सोडणारा प्राणी. उकरण्याच्या अंगकाठीवरून त्याला बॅजरांत धरत, म्हणून नाव 'स्टिंक बॅजर'. रॅडिन्स्कीला त्याच्या मेंदूचा साचा बॅजरसारखा दिसला नाही. स्कंकसारखा दिसला.

१९९७ मध्ये जेरी ड्रागू आणि रॉडनी हनीकट यांनी डीएनए ताडून पाहिला आणि निकाल लागला. स्कंक वीझल-पाणमांजरांच्या कुळातले नाहीतच; त्यांचं स्वतंत्र कुळ, मेफिटिडी. लॅटिनमध्ये मेफिटिस म्हणजे दुर्गंधी वाफ. आणि त्या कुळात अमेरिकेतल्या स्कंकांबरोबर जावा-पालावानचे स्टिंक बॅजरही बसले. पाणमांजर-वीझलांच्या कुळाला स्कंकपेक्षा अमेरिकेतला रकून हा प्राणी जवळचा निघाला, ज्याच्या वरच्या जबड्यात अजून दोन-दोन दाढा आहेत. लाल पांडालाही आहेत. म्हणजे दुसरी दाढ या मोठ्या गोतात मुळात होती, आणि ती दोनदा, वेगवेगळी गेली. स्कंक आधी वेगळा झाला की लाल पांडा, यावर मात्र निरनिराळ्या डीएनए अभ्यासांनी निरनिराळी उत्तरं दिलीत.

मग डीएनए आल्यावर हाडं कशाला? कारण जुन्या, दगड झालेल्या प्राण्यांत डीएनए उरत नाही. अमेरिकेचा प्राणी आणि जावाचा प्राणी एका घरातले कसे, हे फक्त जीवाश्मच सांगू शकतात. जर्मनीत श्टाइनहाइम इथं फार पूर्वी एक कवटी सापडली होती, सुमारे सव्वा कोटी वर्षांपूर्वीची. वोल्सान या पोलिश अभ्यासकानं १९९९ मध्ये तिचा कानापाशी असलेला भाग बारकाईनं तपासला आणि ती स्कंकची ठरली, तोवर ठाऊक असलेली सगळ्यात जुनी. तीच ती कानामागच्या पोकळीची खूण. चीनमध्येही जुन्या स्कंकांचे जीवाश्म आहेत. म्हणजे हे घराणं आशिया-युरोपातलं. तिथून एक शाखा, आशिया आणि अमेरिकेला तेव्हा जोडणाऱ्या बेरिंगच्या जमिनीवरून, अमेरिकेत गेली आणि भरभराटली, मूळ गावी मात्र स्टिंक बॅजरांची दोन-चार बेटं तेवढी राहिली. गाव सोडून गेलेल्यांचं बरं झालं आणि वाड्यात एखादी म्हातारी उरली, असं आपल्याकडंही पाहतोच.

मराठवाड्याच्या मातीत असलं काही सापडेल का, असं भाच्यानं विचारलं. आमच्या पायाखालचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, त्यात मांसाहारी प्राण्याची कवटी मिळायची नाही. नद्यांच्या जुन्या गाळात मात्र मिळतं. मांजरा नदीच्या खोऱ्यात, लातूरकडं, नामशेष झालेल्या हत्तींचे जीवाश्म निघालेत.

एवढं होईपर्यंत सालगड्याची चिचुंद्री राहूनच गेली होती. त्याला वाटलं मी विसरलो. "मंग आमची चिचुंद्री कुठं बसविता?"

चिचुंद्री उंदरासारखी दिसते, पण तिचा जबडा उघडला तर उंदराचं काहीच नाही. उंदराला पुढं वर दोन, खाली दोन पटाशीचे दात, जन्मभर वाढणारे, मग मोकळी जागा, मग दाढा. सुळा नाहीच. चिचुंद्रीला टोकदार दातांची सलग रांग, किड्यांचं कवच फोडायला. तिचे पाहुणे काटेरी जाहक, म्हणजे हेजहॉग, आणि जमिनीखाली बोगदे करणारा युरोपातला मोल. डीएनएनं त्याच्याही पुढची गोष्ट सांगितली: सस्तन प्राण्यांच्या मोठ्या फांद्या पाहिल्या तर चिचुंद्री, कुत्रा, मांजर, बैल, वटवाघूळ आणि स्कंक एका फांदीवर येतात. म्हणजे चिचुंद्री उंदरापेक्षा स्कंकला जवळची. सालगडी अगदीच वाया गेला नव्हता.

"आन् उंदीर?" त्यानं विचारलं.

उंदीर दुसऱ्या फांदीवर. ससा, खार, वानर आणि माणूस ज्या फांदीवर आहेत, तिच्यावर. चिचुंद्रीपेक्षा उंदीर आपल्याला जवळचा.

तो कोठीकडं बघत जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हंजे गेल्या साली तुरीची पोती कातरली ती भावकीनंच म्हना की."